चार हात, चार अक्षरं

३६,२८,८०० हा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या खोलीत, रात्री दोनच्या सुमारास.

त्याचं असं झालं. आमच्या सीनियर मुलांच्या कॅम्पस परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा: दहा अक्षरं उलटसुलट करून दिलेली, त्यांतून इंग्रजी शब्द बनवा. मी औंढा नागनाथचा, मराठी माध्यमाचा. इंग्रजी स्पेलिंगं आम्ही पाढ्यांसारखी पाठ केलेली. ठरलेला क्रम, ठरलेली चाल. क्रम मोडला की शब्दच हरवायचा. इंग्रजी माध्यमाची मुलं त्या अक्षरांकडे बघून दोन सेकंदांत शब्द सांगायची आणि मला तिथे नुसती अक्षरं दिसायची, यात्रेत हात सुटलेल्या पोरांसारखी.

मग मी ठरवलं, आपल्याला दिसत नाही तर मशीनकडून शोधून घेऊ. प्रोग्राम साधा होता. दिलेल्या अक्षरांचे जितके क्रम होतील तितके सगळे करायचे, प्रत्येक क्रम घेऊन इंग्रजी शब्दांच्या यादीत वरून खालपर्यंत शोधायचा, सापडला तर छापायचा. सुरुवातीला मी एकूण क्रम किती हे छापून घेतलं होतं. दहा वेगवेगळ्या अक्षरांसाठी स्क्रीनवर आलं: ३६२८८००. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. रूममेट म्हणाला, "झोप की बाबा." सकाळी मेसला निघालो तरी प्रोग्राम चालूच होता.

पुढे आमची बॅच बसली तेव्हा पहिल्या दोन कंपन्यांत मी नेमका याच भागात गळालो. तिसरीनं हा भाग ठेवलाच नव्हता, म्हणून आज पुण्यात नोकरी करतो.

तोच आकडा दुसऱ्यांदा भेटला २०२० मध्ये. लॉकडाऊनमध्ये गावी अडकलो होतो. आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. संध्याकाळी मी नेटवर्क शोधत गच्चीवर फिरायचो आणि ते शेजारच्या गच्चीवर शतपावली करायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "दिवसभर काय शोधायलास रे त्या फोनात?" मी हॉस्टेलचा किस्सा सांगितला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ना. ह. फडक्यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' घेऊन आले आणि शेवटाकडचं अंकपाशाचं प्रकरण उघडून दिलं.

भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. 'लीलावती' हा त्याचा अंकगणिताचा भाग. त्यातल्या अंकपाश प्रकरणात वस्तूंचे किती वेगवेगळे क्रम लागतील, हे मोजायची रीत आहे. तिथे एक उदाहरण येतं. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू आहेत: पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. या वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात फिरवत गेलं, तर शंकराच्या वेगवेगळ्या मूर्ती किती होतील?

उत्तर: ३६,२८,८००.

मी गच्चीवरच खाली बसलो. हॉस्टेलच्या त्या रात्री माझा लॅपटॉप तापला होता तो याच आकड्यानं. दर सेकंदाला एक मूर्ती बघितली तरी सगळ्या बघायला बरोबर ४२ दिवस लागतात. जेवणाची, झोपेची सुट्टी न घेता. लॉकडाऊनचे पहिले दोन टप्पे मिळून ४० दिवसांचे होते, म्हणून हा हिशोब माझ्या डोक्यात पक्का बसला.

पण सरांना दाखवायचं होतं ते उदाहरणाचं दुसरं टोक. भास्कराचार्य तिथेच विचारतात की विष्णूच्या चार हातांतली गदा, चक्र, कमळ आणि शंख अशीच फिरवली तर किती मूर्ती? उत्तर २४. (मूळ श्लोकात चक्रासाठी 'अरि' शब्द आहे. मला आधी वाटलं, विष्णूच्या हातात शत्रू कसा? ज्याला आरे असतात ते अरि, असा तो अर्थ.)

"आता ही चोवीस काय आहेत, वळख," सर म्हणाले. मला काही सुचेना. "सत्यनारायणाला बसलास ना कधी? आचमन करताना भटजी काय म्हणतेत?"

केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश... शेवटी श्रीकृष्ण. मोजा, चोवीस होतात. ही नावं मी शेकडो वेळा ऐकली होती आणि मला ती देवाच्या कौतुकाची यादी वाटायची. मूर्तिशास्त्रात मात्र ती एकेका क्रमाची नावं आहेत. उजवा खालचा, उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा असे हात प्रदक्षिणेनं वाचत जायचं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आला की नारायण. गदा, चक्र, शंख, पद्म म्हणजे माधव आणि चक्र, गदा, पद्म, शंख म्हणजे गोविंद. नीट बघितलं तर केशव उलटा वाचला की माधव होतो आणि नारायण उलटा वाचला की गोविंद.

इथे मला इंग्रजीतला एक जुना खेळ आठवला. एस, टी, ओ, पी ही चार अक्षरं घ्या. चोवीस क्रम होतात. त्यातले सहा नेहमीचे शब्द आहेत: स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स. स्टॉप उलटा वाचला की पॉट्स, स्पॉट उलटा वाचला की टॉप्स. अगदी केशव-माधवासारखी जोडी. उरलेले अठरा क्रम म्हणजे नुसती अक्षरं. (देवनागरीत लिहिलं की ही सगळी जादू जाते हेही बघा. 'पोस्ट' आणि 'स्टॉप' आपल्या लिपीत एकसारख्या अक्षरांचे दिसतच नाहीत. हा खेळ इंग्रजीच्या बोलण्यातला नाही, तिच्या विचित्र स्पेलिंगमधला आहे. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर माझी निम्मी भीती तिथेच गेली असती.)

म्हणजे चारपैकी चारही अक्षरं वेगळी असताना इंग्रजीनं चोवीसपैकी सहा क्रमांना अर्थ दिला आणि आपल्याकडे मूर्तिकारांनी चोवीसच्या चोवीस जागा भरल्या. शंकराच्या ३६ लाखांना नावं द्यायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, हे बरंच केलं.

अक्षरं पुन्हा पुन्हा आली तर काय, हाही प्रश्न भास्कराचार्यांनी सोडलेला नाही. २, २, १, १ या अंकांच्या चार आकडी संख्या किती? चोवीस नाहीत, सहाच. कारण दोन २ आपापसांत बदलले तरी संख्या तीच राहते. या सहांची बेरीज ९,९९९ येते, तीही ते काढायला लावतात. इंग्रजीत 'नून' म्हणजे दुपार, त्याची अक्षरं एन, ओ, ओ, एन. तेच गणित, तेच सहा क्रम. २११२ च्या जागी 'नून' ठेवा, काही फरक पडत नाही.

भास्कराचार्यांचा हा ग्रंथ आमच्या भागापासून काही फार लांब नव्हता. चाळीसगावजवळच्या पाटणे गावातल्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं तिथे मठ काढला आणि १२०७ साली त्या मठाला दान मिळालं, असं तो लेख सांगतो. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण मठाला बाजारातून काय काय मिळायचं तो व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो जगापुढे आणला. गणित संस्कृतात आणि हिशोब मराठीत, हे मला आपल्या ऑफिससारखंच वाटतं: मीटिंग इंग्रजीत, चहाचे पैसे मराठीत.

औंढ्याचं देऊळही यादवकाळातलं मानलं जातं. २०२० च्या पाडव्याला देवळं पुन्हा उघडली तेव्हा मी सरांबरोबर गेलो. लहानपणापासून मी त्या देवळात जातोय, पण आत. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेनं वाकून खाली उतरायचं, पिंडीला हात लावायचा आणि वर यायचं. नंदी समोर नाही म्हणून नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची गोष्ट आजी दर वेळी सांगायची. नामदेवांना विसोबा खेचर भेटले तेही इथेच, असं आम्ही मानतो. बाहेरच्या भिंतीकडे मात्र कोणी आम्हाला न्यायचं नाही. महाशिवरात्रीला अलोट गर्दी आणि एरवी ऊन.

भिंतीचा खालचा भाग काळ्या दगडाचा, मूर्तींनी भरलेला. वरचं बांधकाम नंतरचं, रंगवलेलं. शिव आहेत, विष्णू आहेत, देवी आहेत, सुरसुंदरी आहेत. पुष्कळ मूर्तींचे हात तुटलेले. मला आधी वाईटच वाटलं. सर म्हणाले, "वाईट नंतर वाटून घे. आधी सांग, एक हात तुटला तर किती शक्यता?" एक. तीन वस्तू दिसत असतील तर चौथी आपोआप कळते. दोन हात गेले तर? दोन. समजा, वरच्या दोन हातांत शंख आणि चक्र शाबूत आहेत आणि खालचे दोन्ही तुटलेत, तर प्रचलित यादीप्रमाणे तो केशव तरी असेल नाही तर वासुदेव. तीन हात गेले तर सहा शक्यता.

शब्दकोड्यात आपण हेच करतो. चार चौकटी, मधली दोन अक्षरं माहीत, कडेची रिकामी.

मात्र एक अडचण राहते. अग्निपुराण, पद्मपुराण, रूपमंडन अशा ग्रंथांतल्या चोवीस मूर्तींच्या याद्या सगळीकडे जुळत नाहीत. एका ग्रंथात ज्या क्रमाला एक नाव, त्याला दुसऱ्यात दुसरं. क्रम किती हे गणित सांगतं आणि त्यात मतभेद होऊ शकत नाही. त्यांतला कोणता क्रम कोण, हे यादी सांगते. यादी माणसं करतात.

या गोष्टीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात धाडसी प्रयोग मला बसऱ्यात सापडला. आठव्या शतकात तिथे खलील इब्न अहमद नावाचा वैयाकरण होता. त्याला अरबीचा कोश करायचा होता. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. खलीलनं शब्द ओळीनं लिहिले नाहीत. त्यानं अक्षरांचा गट घेतला आणि त्याचे सगळे क्रम एकाच ठिकाणी मांडले: दोन अक्षरांचे दोन, तिनांचे सहा, चारांचे चोवीस, पाचांचे एकशेवीस. मग प्रत्येक क्रमाबद्दल एकच प्रश्न: हा लोकांच्या वापरात आहे का? असेल तर 'मुस्तअमल', नसेल तर 'मुहमल', म्हणजे टाकलेला.

हे शब्द परके वाटतात, पण 'मुस्तअमल'चं मूळ अ-म-ल, त्यातूनच 'इस्तेमाल' आला आणि आपला 'अंमल'ही. आता याच तीन व्यंजनांचा क्रम बदला: अ-ल-म. त्यातून 'इल्म' आणि 'तालीम'. पोलिसांची अंमलबजावणी आणि पैलवानांची तालीम हे खलीलच्या कोशात एकाच खोलीतले भाडेकरू आहेत. (ही अक्षरं तो घशापासून ओठांपर्यंत लावतो, आपल्या क-वर्ग ते प-वर्गासारखी. ही कल्पना इथून तिकडे गेली का, यावर विद्वानांत वाद आहे.) कोशाचं नाव 'किताब अल-ऐन', कारण घशातून सगळ्यात खोलून येणारं अक्षर 'ऐन', म्हणून ते पहिलं.

हजारभर वर्षांनी हाच प्रश्न संगणकाकडे आला तेव्हा लोकांनी आधी माझीच चूक केली: सगळे क्रम करून बघायचे. जॉन बेंटली यांच्या १९८६ च्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या पुस्तकात त्यावरचा उपाय अर्ध्या पानात आहे आणि मी तो पुस्तक हातात असूनही वाचला नव्हता. उपाय असा. शब्द यादीत ठेवताना त्याची अक्षरं मुळाक्षरांच्या क्रमानं लावून त्याला एक खूण द्या. स्टॉपची खूण ओ, पी, एस, टी. स्पॉटचीही तीच. सहाही शब्दांची तीच. आता खुणांप्रमाणे सगळी यादी एकदा लावली की एका खुणेचे शब्द आपोआप शेजारी येऊन बसतात. ३६ लाख क्रम करायची गरजच उरत नाही. दिलेली अक्षरं लावायची, खूण बघायची, त्या खोलीचं दार उघडायचं.

ही युक्ती कळली तेव्हा मला स्वतःचा रागही आला आणि हसूही. क्रम शोधायला क्रम करत बसायचं नसतं, तो आधी मोडून टाकायचा असतो. देवाच्या हातातल्या वस्तू काढून खाली चार ढिगांत ठेवल्या की चोवीस देवांचा एकच देव होतो.

'ही अक्षरं ज्यात आहेत असे सगळे शब्द', म्हणजे जास्तीची अक्षरं असली तरी चालतील, असा प्रश्न असेल तर आणखी सोपं आहे. सव्वीस दिव्यांची माळ कल्पा, एकेका इंग्रजी अक्षराला एक दिवा. शब्दात जी अक्षरं आहेत ते दिवे लागतात. मग तुमच्या अक्षरांचे दिवे शब्दाच्या माळेत लागलेले आहेत का, एवढंच बघायचं. मशीन ते एका दमात करतं. उलट प्रश्नही तसाच: अमुक दिवे लागलेले नसावेत. आपल्याकडे मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) हे काम मशीनशिवाय केलं. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटून म्हणायची अक्षरं वर्ज्य आहेत. प, फ, ब, भ, म बंद. म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही. मी एका ईमेलमधून 'म' वगळून बघितला. 'मी' लिहिता येत नाही म्हटल्यावर तिसऱ्या वाक्याला सोडून दिलं.

आता यादी. माझ्या प्रोग्रामनं वापरलेली इंग्रजी शब्दांची फाइल युनिक्सबरोबर पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेली आहे. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशातले २,३४,९३६ शब्द, ओळीला एक, अर्थाशिवाय. कॉपीराइट संपला म्हणून सगळ्यांना मोकळी. जगभरच्या किती शब्दखेळांच्या आणि पासवर्ड तपासणाऱ्या प्रोग्राम्सच्या पोटात ही यादी गेली असेल, देव जाणे. 'अर्थाशिवाय' हा शब्द मी सहज लिहिला, पण माझी फजिती त्यातच आहे.

२०२१ मध्ये आमच्या टीमला सात अक्षरांच्या खेळाचा नाद लागला. रोज सात अक्षरं येतात, तीच तीच कितीही वेळा वापरून जास्तीत जास्त शब्द करायचे, किमान चार अक्षरी. जेवणाच्या सुट्टीत सगळे ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचे. मी वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. बेंटलींची युक्ती, वेबस्टरची यादी. अकरा दिवस मी पहिला होतो. लोक म्हणायला लागले, छुपा रुस्तम आहे. बाराव्या दिवशी अक्षरं आली ए, आय, एल, एन, ओ, पी, टी. सातही वापरणारा शब्द 'ऑप्शनल', तो तर कुणालाही सुचेल. माझ्या शब्दांत 'ओलिओ' होता. कॉलवर एकीनं अगदी सहज विचारलं, "ओलिओ म्हणजे काय रे? मला माहीत नव्हता."

मलाही माहीत नव्हता. मी म्यूटचं बटण शोधल्यासारखं केलं. दोन-तीन सेकंद कोणीच काही बोललं नाही आणि मग कुणीतरी भला माणूस डेडलाइनबद्दल बोलायला लागला. सगळ्यांना कळलं होतं. हॉस्टेलमध्ये मला नुसती अक्षरं दिसायची. आता नुसते शब्द दिसत होते. (ओलिओ म्हणजे मिसळ, भेसळ, सरमिसळ. नंतर पाहिलं.)

त्या रात्री मी प्रोग्राममधून त्या दिवसाचे सगळे शब्द काढले आणि एकेकाचा अर्थ बघायला बसलो, शिक्षा म्हणून. खुणांप्रमाणे लावलेली यादी खाली सरकत होती. एका खोलीवर येऊन थांबलो. खूण होती ए, एल, ओ, टी. सलग वाचली तर 'अलोट'. आत तीन शब्द: आल्टो, लोटा, तोळा.

आल्टो गाडी माहीत होती. गाण्यातला एक आवाजही आहे म्हणे. पण लोटा? तोळा? मी स्पेलिंग पुन्हा वाचलं. इंग्रज इथे दीडशे-दोनशे वर्षं राहिले, पाणी प्यायले, सोनं मोजलं आणि जाताना शब्द घेऊन गेले. वेबस्टरच्या कोशात शिरले, तिथून युनिक्समध्ये आणि तिथून माझ्या फोनवर औंढ्याला परत. खलीलच्या हिशोबात हे दोन्ही मुस्तअमल. आमच्या घरात तर रोजचे.

मग मराठीचाही असा प्रोग्राम करावा म्हणून बसलो. पहिलाच शब्द टाकला 'नागनाथ'. मशीननं त्याची खूण काढली आणि स्क्रीनवर ग, थ, न, न आणि मागे दोन काने, त्यातला एक ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळत. कारण संगणकाच्या लेखी 'ना' हे एक अक्षर नाही. न वेगळा, काना वेगळा. सगळी व्यंजनं पुढे जातात आणि सगळ्या मात्रा शेवटी ढिगात पडतात. 'क्ष' तर त्याच्या लेखी तीन तुकडे: क, हलन्त, ष. काना-मात्रा आणि जोडाक्षरं धरून तुकडे पाडायला शिकवावं लागलं: ना, ग, ना, थ. मग भास्कराचार्यांचा नियम लागू. चार अक्षरं, एक दोनदा आलेलं, म्हणून चोवीसच्या निम्मे, बारा क्रम.

असं केल्यावर मराठीतही खोल्या भरायला लागल्या. नदी आणि दीन. रवा आणि वार. साप आणि पसा. काना आणि नाका. कमल आणि कलम. यादी मोल्सवर्थची घेतली, १८५७ ची दुसरी आवृत्ती, सुमारे साठ हजार शब्द. शिकागो विद्यापीठानं ती इंटरनेटवर ठेवली आहे. इंग्रज अधिकारी, पण शब्द जमवून देणारे आपले शास्त्री. वेबस्टरच्या फाइलीपेक्षा या यादीत एक गोष्ट जास्त आहे: प्रत्येक शब्दासमोर अर्थ आहे. आता माझा प्रोग्राम अर्थ दाखवल्याशिवाय शब्द छापत नाही. त्यामुळे हळू चालतो.

त्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मी आधी कबुली दिली, की अकरा दिवस प्रोग्राम खेळत होता, मी नाही. थोडी शिव्यांची देवाणघेवाण झाली. मग लिहिलं, कालच्या अक्षरांत एक शब्द सगळ्यांचा राहिला, 'लोटा'. एकानं लगेच घालून बघितला. खेळाच्या यादीत तो नव्हता, खेळानं नाकारला. माझ्या यादीत होता. दोन ग्रंथांचा मतभेद, मी मनात म्हटलं. तेवढ्यात ओलिओवालीनं विचारलं, "लोटा म्हणजे नक्की काय? तांब्याच का?"

या वेळी मला कोश उघडायची गरज नव्हती. फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आजीचा पितळी लोटा मोरीच्या कट्ट्यावर होता. मी वाकून फोटो काढायला लागलो तशी ती म्हणाली, "लोट्याचा फोटू कशाला काढायलास?"

"ऑफिसात दाखवायचाय."

तिनं लोटा माझ्यासमोरून उचलला. "थांब मग," ती म्हणाली, "चिंच लावून घासून देते."